दसरा ते त्रिपुरी: कोल्हापूरच्या शिवारात सायकल कशी चालवावी

पावसाळाभर पंचगंगेच्या पुलावर माणसं पाणी बघायला थांबतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. मग आश्विन उजाडतो. नदी पात्रात परत जाते, काठावरचा गाळ भेगाळतो, चिखलानं बंद झालेल्या पाणंदी एकेक करून उघडतात. सायकल शिवारात न्यायची ती आता. दसऱ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे पस्तीस-एक दिवस मी वर्षभर राखून ठेवतो. त्यातला पाडवा तेवढा घरच्यांचा, बाकी प्रत्येक रविवारची सकाळ सायकलची.

थंड देशांतल्या शरदाची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून इथे पानगळ शोधू नका. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात. आपला शरद म्हणजे पिवळं पडत चाललेलं भात, उसाला येऊ लागलेले तुरे, मळणी, गुऱ्हाळाचा धूर आणि गवतावरचं दव. सायकलवाल्याला पाडतात त्याही नेमक्या याच गोष्टी. भात कापलं की साप बांध सोडून रस्त्यावर येतो. मळणी डांबरावर होते. ऊस रस्त्यानंच जातो. दवानं बंधारा निसरडा होतो. म्हणून या लेखात मजेची यादी वेगळी आणि धोक्यांची वेगळी असं केलेलं नाही. ज्या क्रमानं आपण घराबाहेर पडतो त्याच क्रमानं सांगतो.

आधी एक दुपार सायकलला द्या

पावसात चालवलेली असो नाहीतर जिन्याखाली उभी असो, पहिल्या फेरीआधी सायकल उलटी करून बसा. पहिलं काम ब्रेकचं. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रबरं काढून उजेडात बघा. पावसाळ्यातली बारीक वाळू आणि रिमचा चुरा त्यांत रुतलेला असतो. तो दाभणानं टोकरून काढा, रबराचा चकाकणारा थर पॉलिश पेपरवर घासून घालवा. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर जोडी बदलून टाका. डिस्क ब्रेक असतील तर पॅडवरचा थर एक मिलिमीटरपर्यंत आला की बदलायचा, आणि डिस्कला तेलाचं बोटसुद्धा लागू द्यायचं नाही.

चेन साफ करायला डिझेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश पुरतो. पुसून पूर्ण वाळू द्या, मग एकेका कडीवर एकेक थेंब तेल. दहा मिनिटांनी वरवरचं तेल फडक्यानं पुसून घ्या. ही शेवटची पुसणी बहुतेक जण गाळतात. सुगीच्या दिवसांत हवेत इतकी धूळ आणि भुसा असतो की तेलकट चेन दोन फेऱ्यांत काळीकुट्ट होते. ग्रीस चेनला लावू नका, ते बेअरिंगसाठी.

हवेचं म्हणाल, तर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर आणि सत्तरेक किलोचा माणूस असेल तर पुढच्या चाकात ४५ आणि मागच्यात ५० पाउंड ठीक बसतं. टायरच्या कडेला छापलेली मर्यादा मात्र ओलांडायची नाही. भरपूर दव पडलेल्या सकाळी मी दोन्ही चाकांतली पाच पाउंड हवा कमी करतो, टायर रस्ता जरा जास्त धरतो.

आता काट्यांविषयी. पावसाळा संपला की शेतकरी बांधाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतात, आणि त्या ओढत नेताना पाणंदभर काटे सांडतात. माळाच्या कडेनं सराटेही पिकलेले असतात. पंक्चर झालं की ट्यूब बदलून लगेच पुढे निघायची घाई करू नका. काटा टायरमध्येच असेल तर नवी ट्यूब अर्ध्या किलोमीटरवर बसते. कापसाचा बोळा किंवा सुती रुमाल टायरच्या आतल्या बाजूनं गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवलंत तर बोटात घुसेल.

पिशवीत माझ्याकडे दोन ट्यूब, ठिगळांचं साहित्य, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, ॲलन कीचा संच आणि चेनची एक जोडकडी असते. जुन्या टायरचा चार बोटांचा तुकडाही ठेवतो. टायर दगडानं फाटला तर तो आतून लावून घरापर्यंत येता येतं. रुंद क्रेप बँडेज, साबणाची वडी, पाचशे रुपये सुट्टे आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. गावोगावी फोननं पैसे देता येतात हे खरं, पण नदीकाठच्या खोलगट भागात रेंज जाते. हेल्मेट आणि साधा पारदर्शक चष्मा यांविषयी चर्चा नको. भाताच्या पट्ट्यातून सकाळ-संध्याकाळ जाताना चिलटं आणि तुडतुडे थेट डोळ्यांत येतात, आणि डोळे मिटून सायकल चालवता येत नाही.

निघायची वेळ

ऑक्टोबरच्या मध्यावर कोल्हापुरात सूर्य साडेसहाच्या जरा आधी उगवतो, नोव्हेंबर संपताना पावणेसातला. संध्याकाळी मात्र सहाच्या सुमाराला काळोख पडायला लागतो. त्यामुळे माझा हिशेब ठरलेला आहे. सहाला दिवे लावून घर सोडायचं, शहर अंधारात ओलांडायचं, शिवारात उजाडायला पोचायचं आणि ऑक्टोबरात साडेनऊपर्यंत परतायचं. दहानंतरचं ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजतं. नोव्हेंबरात दोन तास जास्त मिळतात. संध्याकाळची फेरी मी या हंगामात जवळजवळ बंदच ठेवतो. त्याचं कारण ऊस, ते पुढे येईलच.

मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवा आणि पूर्ण उजाडलं तरी विझवू नका. नदीकाठी धुकं असतं आणि ते सपाट पसरलेलं नसतं. चढावर लख्ख ऊन, खाली ओढ्याच्या पुलाशी दुधासारखं पांढरं. मी विजेच्या खांबांवरून ठरवतो. पुढचा तिसरा खांब दिसत असेल तर चालवायचं. दुसराच दिसेनासा झाला तर उतरून रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबायचं, साइडपट्टीवर नव्हे. पंधरा-वीस मिनिटांत ऊन वर आलं की पडदा उचलला जातो. त्या पंधरा मिनिटांत तारांवर ओळीनं बसलेल्या माळभिंगऱ्या आणि ओल्या बांधावर शेपटी हलवत फिरणारे धोबी बघायला मिळतात. हे उत्तरेकडून नुकतेच आलेले हिवाळी पाहुणे. ते दिसले की पाऊस खरोखर संपला असं मी धरतो.

धुकं गेलं की दुसरी गोष्ट सुरू होते. सूर्य खाली असताना पूर्वेकडे तोंड करून चालवत असाल तर तुम्हाला खड्डा दिसत नाही. तुमच्या मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. पहाटे पश्चिमेला गेलेला माणूस परतताना हमखास या उजेडात सापडतो, म्हणून परतीचा पहिला तास मुख्य रस्ता टाळून आतल्या गावरस्त्यांनी काढावा.

कुठे जायचं

पहिल्या रविवारी लांब जाऊ नका. शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीवरून प्रयाग चिखली, जाताना सात-आठ किलोमीटर. इथे भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारीचं पाणी एक होतं. पाचवी सरस्वती गुप्त, असं जुनी माणसं सांगतात, आणि म्हणून ती पंचगंगा. रस्ता सपाट आहे, लहान मुलांना घेऊनही जाता येतं. फक्त पुलापासून आंबेवाडीपर्यंतचा रस्ता रत्नागिरीच्या वाहतुकीचा आहे, तिथे मुलं पुढे आणि मोठा माणूस मागे. संगमाच्या घाटावर पूर ओसरल्यानंतरचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत लोण्यासारखा असतो. पायरीवर पाय टाकण्याआधी तिचा रंग बघा.

मला सगळ्यात प्रिय वाट रंकाळ्यावरून फुलेवाडी, बालिंगा आणि पुढे भोगावतीच्या काठाकाठानं कसबा बीडची. दोन्ही हातांना भात आणि ऊस, मध्येच केळीची बाग, वरच्या माळावर भुईमूग. बीडला शिलाहारांच्या काळातले वीरगळ आहेत. गावातल्या माणसाला विचारलंत तर तो हातातलं काम ठेवून दाखवायला येतो. ही वाट इंद्रायणी भात पिकलेलं असताना करावी. दवानं भिजलेल्या शेतावर ऊन पडलं की जो वास सुटतो तो मोटारीच्या काचेतून कधीच कळणार नाही.

पाय तयार झाले की पन्हाळा. केर्लीवरून वाघबीळ, मग डावीकडे चढ. अंतर वीसच किलोमीटर, पण शहरापासून चारशेएक मीटर उंची चढायची आहे. पहाटेच्या गारव्यात चढा. मसाई पठारावरची रानफुलं दसऱ्याच्या आसपास अजून शिल्लक असतात. तिथे फुलं तुडवून सायकल आत नेऊ नये, मळलेली वाट सोडू नये.

पूर्वेला नरसोबाची वाडी चाळीस किलोमीटरच्या पुढे आहे. कृष्णा-पंचगंगेचा संगम, बासुंदी आणि कवठाची बर्फी ही कारणं पुरेशी आहेत. शरदात सकाळचा वारा बहुधा पूर्वेचा असतो. त्यामुळे वाडीला जाताना तो तोंडावर येतो, आणि परतताना अजून वाहत असला तर थकल्या पायांना पाठीवर मिळतो. पश्चिमेच्या वाटांवर उलटं घडतं. जाताना आपण फार जोरात आहोत असं वाटतं आणि परतताना दम निघतो, तेव्हा तिकडे जाताना अर्धी ताकद राखून ठेवा.

ज्या बंधाऱ्यांची नावं पेपरात येतात

राजाराम, सुर्वे, रुई, हळदी, कोगे, यवलूज. पावसाळ्यात ही नावं 'पाण्याखाली' म्हणून रोज छापून येतात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून देशभर ओळखला जाणारा प्रकार तो हाच. पावसाळ्यात दगडी खांबांमधले बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून पाणी मोकळं सोडायचं, पाऊस संपला की बरगे घालून अडवायचं. यांतल्या बऱ्याच बंधाऱ्यांवरून माणसं आणि दुचाक्या ये-जा करतात, आणि सायकलसाठी तर ते वरदान आहेत. मुख्य पुलाचा वळसा वाचतो, खाली पाणी, समोर खंड्या, गाडीचा आवाज नाही.

पण हा माथा दोन-तीन महिने पाण्याखाली होता हे विसरू नका. शेवाळ वाळतं तेव्हा काळपट पापुद्र्यासारखं दिसतं आणि डांबराचा भास होतो. त्यावर दव पडलं की पुन्हा जिवंत होतं. काही वर्षांपूर्वी मी एका बंधाऱ्यावर नीट सरळ चाललो होतो, वळलो नाही, ब्रेक दाबला नाही, तरी मागचं चाक निसटलं. पडलो ते आतल्या बाजूला म्हणून मनगटावर निभावलं. कठडा नव्हता, आणि दुसऱ्या बाजूला आठ-दहा फूट खाली पाणी होतं. तेव्हापासून आश्विनात कुठलाही बंधारा मी उतरून, सायकल नदीच्या बाजूला आणि स्वतः मधोमध असा चालत ओलांडतो. बरगे घालायचं काम याच दिवसांत चालतं. माथ्यावर लोखंडी फळ्यांची चळत असेल आणि माणसं काम करत असतील तर त्यांना आधी हाक द्या आणि ते 'या' म्हणाले की मगच पुढे व्हा.

डांबरावरचं खळं

सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, पाठोपाठ भात. खळं सारवायला आता सवड कुणाला आहे, म्हणून गावाबाहेरच्या रस्त्यावर काड पसरतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी होते. दाणे वाळत घालायलाही डांबरासारखी तापलेली जागा नाही. पिवळ्या दाण्यांचा तो लांबच लांब पट्टा उन्हात फार देखणा दिसतो.

सायकलला त्यात तीन गोष्टी नडतात. सोयाबीनचा दाणा गोल आणि टणक असतो, टायरखाली तो छऱ्यासारखा फिरतो. काड मागच्या गिअरच्या यंत्रात गुंडाळलं जातं आणि पायडल जोरात मारलं तर हँगर, म्हणजे ते यंत्र धरून ठेवणारा तुकडा, मोडतो. माझा एकदा सांगरूळजवळ मोडला, चेन आखडून एकाच गिअरवर घरी आलो. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. पट्ट्याच्या कडेला गाड्या लांबून जाव्यात म्हणून दगड मांडलेले असतात, आणि भुसा उडून त्यांवर बसतो. बीडच्या वाटेवर एक मावशी दाताळ्यानं काड उलटत होत्या. मी वेगात आलेला बघून त्यांनी हात वर केला.

"दमानं जावा दादा, भुसाखाली दगूड हाईत."

"उतरूनच जातो मावशी. कडंनं गेलं तर चालंल न्हवं?"

"चालतंय की. दाण्यावरनं नगा नेऊ म्हंजे झालं."

तेच करायचं. लांबून पट्टा दिसला की गिअर हलका करा, ब्रेक पट्ट्याच्या आधी दाबा, वर गेल्यावर नाही. जागा असेल तर मोकळ्या बाजूनं, नसेल तर उतरून सायकल उचलून. ते धान्य कुणाच्या तरी घरचं आहे.

ऊस

कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि एका आठवड्यात रस्त्यांचा स्वभाव बदलतो. गगनबावड्याच्या रस्त्यावर कुडित्रे, राधानगरीच्या रस्त्यावर परिते आणि शहरालगत कसबा बावडा इथे कारखाने आहेत. हंगाम पेटला की या गावांच्या आसपास ट्रॅक्टर आणि ट्रकच्या रांगा लागतात. पहाटे उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या बैलगाड्या चढावर कुरकुरत जाताना भेटतात, खोपीपुढे चुली पेटलेल्या असतात, कडेला वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकायला मांडलेल्या असतात. ऊसतोडणीच्या टोळ्या घरदार सोडून मराठवाड्यातून इथे आलेल्या असतात. त्यांच्या गाडीशेजारून जाताना घाई करायला आपल्याला काहीच कारण नाही.

बैलगाडीला मागं टाकताना बैलांच्या कानाशी घंटी वाजवू नका. लांबूनच आवाज द्या, "बाजूनं जातो दादा." माणसाचा आवाज बैल ओळखतो, घंटीला बुजतो. उजव्या बाजूनं एक पुरुष अंतर सोडून जा. उतारावर तर मागेच थांबा. भरल्या गाडीला उतारावर बैलांनी पेललेलं असतं, ती आवरली नाही तर बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हा शिवारातला सगळ्यात मोठा धोका, हे मी ठामपणे सांगतो. ड्रायव्हरला गाण्याच्या आवाजात तुमची हाक ऐकू जात नाही. ट्रॅक्टर तुमच्या बाजूनं नीट अंतर ठेवून गेला तरी पहिली ट्रॉली जवळून आणि दुसरी त्याहून जवळून जाते, कारण ती शेपटीसारखी डोलते. शिवाय ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. म्हणून मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की वळून बघा, रस्ता सोडून खाली उतरा, एक पाय टेका आणि दुसरी ट्रॉली जाईपर्यंत तसेच उभे राहा. पोरं गंमत म्हणून लोंबणारा ऊस ओढतात, चढावर ट्रॉली धरून चालतात. आपली मुलं बरोबर असतील तर निघण्याआधीच त्यांना हे बजावा.

पंक्चर झालेली ट्रॉली रात्रभर रस्त्यातच उभी राहते. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, फार तर उसाची एक पेंढी ठेवलेली. ट्रॉली गेली तरी चाकाला लावलेले दगड रस्त्यातच उरतात. संध्याकाळची फेरी मी बंद ठेवली ती यासाठी. सांडलेल्या उसाच्या कांड्यावरून जावंच लागलं तर चाक काटकोनात न्या, तिरकं गेलात तर कांडं गरकन फिरतं.

गुऱ्हाळावर

कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याची चव मानांकनातून कळत नाही. त्यासाठी नोव्हेंबरातल्या थंड सकाळी दूरवर सरळ वर जाणारा पांढरा धूर हेरायचा आणि सायकल त्या पाणंदीला वळवायची. चरकातून रस निघतो, काहिलीत उकळतो, भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर आणून काढतात. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस आणि वर गुळव्या. गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो आणि क्षण ओळखतो. त्या क्षणी काहिल उतरवायची, पाक वाफ्यात ओतायचा, निवला की रवे भरायचे. हे सगळं बघायला कुणी अडवत नाही. "या की पावणं, रस घ्या," असंच म्हणतात.

सायकल बाहेर, चिपाडांच्या ढिगापासून लांब लावा. आतली जमीन रसानं चिकट आणि निसरडी असते, इंजिनाचा पट्टा उघडा फिरत असतो, काहील जमिनीलगत असते. पायडलला अडकणारे क्लिपचे बूट असतील तर आत जाऊच नका, त्यांच्या तळव्याला धर नसते. मुलाचा हात सोडू नका.

रस एक पेला, आलं-लिंबू घालून. दोन प्यायलात तर पुढचे दहा किलोमीटर पोट जड होतं. काकवी मिळाली तर घरून आणलेल्या भाकरीबरोबर तिथेच खा. निघताना पाव किलो गूळ विकत घ्या. खिशातला गूळ आणि मूठभर भाजके शेंगदाणे यांपेक्षा चांगलं सायकलवरचं खाणं मला अजून सापडलेलं नाही. पाणी तासाला अर्धा लिटर धरा. ऑक्टोबरात त्याहून जास्त लागतं, आणि एका बाटलीत मीठ-लिंबू असू द्या.

पन्हाळ्याहून उतरताना

चढताना माणूस दमतो, पडतो मात्र उतरताना. निघण्याआधी झुणका-भाकर खाऊन थोडं बसा, हातांतला थरथराट जाऊ द्या. सावलीतली वळणं सकाळी उशिरापर्यंत ओली असतात, उन्हातली कोरडी. एकाच उतारावर दोन्ही भेटतात, आणि फसगत होते ती उन्हातून सावलीत शिरताना. वेग वळणाआधी कमी करा. ब्रेक सतत घट्ट धरून ठेवू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. रिम तापली की रबर घसरतं आणि ट्यूबही जाते. एसटी वळणावर पूर्ण रस्ता घेते, तिला तो लागतोच, आपण कडेला थांबायचं. माकडं कठड्यावर असतील तर हातात खाऊ ठेवू नका.

परतीचा पाऊस, साप, कुत्री, गवे

परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो आणि तो दुपारनंतर गडगडाटासह येतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तिसाच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत शिरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. माळावरचं एकटं झाड, पत्र्याची उघडी शेड आणि नदीकाठ, तिन्ही ठिकाणं टाळा.

भातकापणीच्या दिवसांत घोणस, नाग आणि मण्यार शेत सोडून हलतात. पहाटे आणि दिवेलागणीला रस्त्यावर आडवा पडलेला दोर दिसला तर तो दोर समजू नका. विश्रांतीला गवतात न बसता मोरीच्या कट्ट्यावर, आधी पलीकडे बघून बसा. चावलाच तर दोरीनं आवळणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय लाकडाला बँडेजनं सैलसर बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका, १०८ ला फोन करा. गाडी येईना तर मिळेल त्या वाहनानं जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. शहराजवळ असाल तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय.

कुत्रं मागं लागलं की जोर मारून पळायचा मोह होतो. पळणाऱ्या चाकाचाच त्याला चेव येतो. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, ठणठणीत आवाजात 'हाड' म्हणा आणि त्याची हद्द संपेपर्यंत चालत जा. दात लागला तर, ओरखडा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. पिशवीतली वडी त्यासाठीच आहे. त्याच दिवशी लस सुरू करा आणि सगळे डोस पुरे करा.

राधानगरी-दाजीपूरकडे जाणार असाल तर गव्यांचा विचार करूनच निघा. अंधुक उजेडात ते रस्त्यालगत चरतात, आणि अलीकडच्या वर्षांत शहराच्या वेशीपर्यंतही आलेले आहेत. दिसला तर लांबच थांबा. घंटी, शिटी, फ्लॅश काही नको. कळप पूर्ण पलीकडे जाऊ द्या, त्याच्या मागून एखादं पिल्लू राहिलेलं असतं.

घरी आल्यावर

अंघोळीला जाण्याआधी दहा मिनिटं. मागच्या गिअरमध्ये अडकलेलं काड बोटांनी ओढून काढा. दोन्ही टायर हातांनी हळू फिरवत, बाहेरून रुतलेले काटे आणि काचा टोकरून काढा. आत न पोचलेला काटा आज निघाला तर पुढच्या रविवारचं पंक्चर वाचतं. रिम ओल्या फडक्यानं पुसा, चेनवर कोरडं फडकं एकदा फिरवा. वापरलेली ट्यूब तेव्हाच ठिगळ लावून, सुकवून, पावडर लावून पुन्हा पिशवीत. दिवे चार्जिंगला लावा. खिशातला उरलेला गूळ काढून घ्या, नाहीतर दुपारपर्यंत पिशवीत मुंग्यांची रांग लागलेली असते.